वसिष्ठ, अरुंधती आणि जोडताऱ्यांचा शोध

लग्नात सप्तपदी झाल्यावर वधूवरांना ध्रुव आणि अरुंधती दाखवण्याचा विधी गृह्यसूत्रांच्या काळापासून चालत आला आहे. वधूने विवाहाच्या रात्री ध्रुव, अरुंधती आणि सप्तर्षी पाहावेत आणि मगच मौन सोडावे, असे आश्वलायन गृह्यसूत्रात सांगितले आहे. सप्तर्षींच्या शेपटीतला टोकाचा तारा मरीची, त्याच्या आतला वसिष्ठ आणि वसिष्ठाला खेटून असलेला बारीक ठिपका म्हणजे अरुंधती. आकाशात साध्या डोळ्यांनी दिसणाऱ्या जोड्या थोड्याच आहेत. त्यांतल्या या जोडीला नवराबायको मानून संसाराची साक्षीदार करण्यात आले.

हा विधी रात्रीच्या लग्नासाठी सांगितलेला आहे. जालना जिल्ह्यात गोरज मुहूर्तावर अक्षता पडल्या, तर सप्तपदी होईपर्यंत चांदण्या उगवलेल्या असतात आणि दर्शन खरोखर होऊ शकते. दुपारच्या लग्नात भटजींच्या सांगण्यावरून उत्तरेकडे नुसती नजर टाकायची एवढेच उरते. ऋतूचाही यात मोठा वाटा आहे. जालना शहर १९.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे मे महिन्याच्या अखेरीस रात्री साडेनऊच्या पुढेमागे वसिष्ठ-अरुंधती उत्तरेला क्षितिजापासून सुमारे ५५ अंशांवर, म्हणजे त्यांच्या सर्वांत उंच जागी असतात. वैशाख-ज्येष्ठाच्या लग्नसराईत ही जोडी सहज सापडते ती यामुळे. तुळशीच्या लग्नानंतर जी सराई सुरू होते तिची गोष्ट वेगळी. डिसेंबरच्या सुरुवातीला जालन्यात वसिष्ठ मध्यरात्र उलटल्याशिवाय उगवतच नाही. त्या दिवसांतल्या नवरानवरीने संध्याकाळी अरुंधती पाहिली, असे म्हणायचे ते श्रद्धेनेच.

याच जिल्ह्यातल्या जांब गावी १६०८ मध्ये जन्मलेले नारायण ठोसर, म्हणजे पुढचे समर्थ रामदास, बारा वर्षांचे असताना मंगलाष्टकांतला ‘सावधान’ ऐकून बोहल्यावरून निघून गेले अशी परंपरा आहे. त्या लग्नात सप्तपदीही झाली नाही आणि अरुंधतीदर्शनही. योगायोग असा, की १६२० च्या आगेमागची हीच वर्षे युरोपात वसिष्ठाकडे पहिल्यांदा दुर्बीण वळल्याची आहेत.

त्याआधी ‘अरुंधतीदर्शनन्याय’ पाहायला हवा, कारण अरुंधती कशी शोधायची याची पद्धतच त्यात बांधली आहे. अरुंधती अंधूक, एकदम बोट दाखवले तर ती नजरेत भरत नाही. म्हणून आधी जवळचा ठळक तारा दाखवायचा आणि नजर तिथे ठरली की शेजारच्या बारीक ताऱ्यावर न्यायची. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात स्थूलाकडून सूक्ष्माकडे जाण्याचा दाखला म्हणून हेच उदाहरण घेतले आहे. दोघांच्या तेजातला फरक आज मोजलेला आहे. वसिष्ठ दुसऱ्या प्रतीपेक्षा किंचित मंद, तर अरुंधती चौथ्या प्रतीची आहे. त्यांच्यात सुमारे १२ कलांचे, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जास्त अंतर आहे.

हे दोन तारे एकमेकांभोवती फिरतात हे प्राचीन ऋषींना ठाऊक होते आणि म्हणूनच त्यांना आदर्श दांपत्य मानले, असे अलीकडे वरचेवर सांगितले जाते. याला आधार नाही. त्यांच्यात फेरा असलाच तर तो लाखो वर्षांचा आहे. कोणत्याही पिढीला, किंबहुना शंभर पिढ्यांनाही, तो डोळ्यांनी दिसणारा नव्हे. विधीचा अर्थ या दाव्यावाचून उणा पडत नाही. लहान तारा मोठ्याची साथ सोडत नाही हे डोळ्यांना दिसत होते आणि दांपत्याच्या रूपकाला तेवढे पुरेसे होते. मात्र शेजारी दिसणे आणि खरोखर बांधलेले असणे यांतला फरक ओळखण्यातच जोडताऱ्यांचा सगळा इतिहास घडला आहे.

गॅलिलिओचा शिष्य बेनेदेत्तो कास्तेल्ली याने १६१७ मध्ये वसिष्ठाकडे आपल्या गुरूचे लक्ष वेधले. दुर्बिणीत वसिष्ठ एकटा नव्हता, त्याचे दोन तारे दिसत होते. हे दोघे एकमेकांपासून केवळ १४ विकलांवर आहेत. साध्या डोळ्याला ते वेगळे करता येणे शक्य नाही. अरुंधती या दोघांहूनही निराळी. म्हणजे लग्नात दाखवली जाणारी जोडी दुर्बिणीत तिघांची निघाली. पुढे जोवान्नी बात्तिस्ता रिच्चोली यानेही ती पाहिली आणि पुष्कळ पुस्तकांत या शोधाचे श्रेय त्यालाच दिले गेले.

दीडशे वर्षे अशा जोड्यांना कोणी फारसे महत्त्व दिले नाही. एक तारा जवळ, दुसरा त्याच दिशेला पण फार लांब, आणि दोन्ही एका रेषेत आल्याने शेजारी भासतात, असा समज रूढ होता. रस्त्यावरचा दिवा आणि मागच्या डोंगरावरचा दिवा अंधारात चिकटलेले दिसतात तसाच हा प्रकार. १७६७ मध्ये इंग्लंडच्या जॉन मिचेलने संभाव्यतेचे गणित मांडले. तारे आकाशात वाटेल तसे विखुरलेले असते तर इतक्या जवळजवळच्या जोड्या दिसण्याची शक्यता अगदीच थोडी होती. त्यामुळे पुष्कळ जोड्या खरोखर एकत्र असल्या पाहिजेत, असा त्याचा निष्कर्ष. युक्तिवाद बिनतोड होता, पण प्रत्यक्ष पुरावा नव्हता.

तो विल्यम हर्शेलने मिळवला, आणि तोही वेगळ्याच कामाच्या ओघात. ताऱ्यांची अंतरे मोजण्यासाठी त्याला एका रेषेत आलेल्या, पण प्रत्यक्षात दूर असलेल्या जोड्या हव्या होत्या. म्हणून त्याने १७८२ आणि १७८५ मध्ये मिळून सातशेहून अधिक जोड्यांच्या याद्या प्रसिद्ध केल्या. वीसएक वर्षांनी त्याच जोड्या पुन्हा मोजल्या तेव्हा मिथुनेतल्या कॅस्टरसारख्या काही जोड्यांमध्ये एक तारा दुसऱ्याभोवती सरकलेला दिसला. १८०३ मध्ये त्याने हे जाहीर केले. न्यूटनचे गुरुत्वाकर्षण सूर्यमालेबाहेरही चालते याचा हा पहिला पुरावा होता. १८२७ मध्ये फेलिक्स सावारीने अशा एका जोडीची कक्षा पहिल्यांदा गणिताने काढली. ती जोडी सप्तर्षींच्या मोठ्या अस्वलातल्याच क्साय नावाच्या ताऱ्याची असून तिचा फेरा सुमारे ६० वर्षांचा आहे. नुसत्या दिसणाऱ्या जोडीला मराठीत जोडतारा आणि गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या जोडीला युग्मतारा म्हणतात. हा भेद इथून खऱ्या अर्थाने सुरू होतो. युग्मतारा ओळखला की त्याचे वजन काढता येते. फेऱ्याचा काळ आणि कक्षेचा आकार कळला की केप्लरच्या तिसऱ्या नियमाने दोघांचे मिळून वस्तुमान मिळते. एकट्या ताऱ्याला तोलण्याचा इतका सरळ मार्ग नाही. ताऱ्यांच्या वस्तुमानांविषयी आज जे ठाऊक आहे त्याचा पाया या जोड्यांवरच उभा आहे.

भारतात जोडताऱ्याचा पहिला नोंदलेला शोध पाँडिचेरीत लागला. जेझुइट धर्मोपदेशक झ्याँ रिशो याने डिसेंबर १६८९ मध्ये धूमकेतू पाहताना आल्फा सेंटॉरी दुहेरी असल्याचे टिपले. नरतुरंग समूहातल्या या ताऱ्याला मराठीत मित्र म्हणतात. युरोपातून तो क्षितिजावर येतच नाही. जालन्याहून मे महिन्याच्या रात्री दक्षिणेला क्षितिजापासून जेमतेम नऊ अंशांवर तो काही वेळ तेजाने चमकतो. उत्तरेला अरुंधती आणि दक्षिणेला मित्र, अशा दोन जोड्या एकाच रात्री पाहता येतात. मित्राचे दोन तारे सुमारे ८० वर्षांत एकमेकांभोवती एक फेरा पुरा करतात. त्यांच्या भोवताली दूर असलेला प्रॉक्सिमा हा तिसरा सोबती सूर्याला सर्वांत जवळचा तारा आहे.

दख्खनच्या पठारावरून जोडताऱ्यांचे पद्धतशीर काम झाले ते पुण्यात, विल्यम स्टीफन जेकब या मुंबई इंजिनिअर्सच्या अधिकाऱ्याच्या हातून. १८१३ मध्ये जन्मलेला जेकब १८३१ मध्ये कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला आणि काही वर्षे सर्वेक्षणात रमला. कोन अचूक मोजण्याची सवय त्याला तिथेच लागली असावी. १८४२ मध्ये त्याने पुण्यात स्वतःची खासगी वेधशाळा उभारली. त्याच्याजवळची दुर्बीण डॉलंड बनावटीची, पाच फुटी होती. युरोपातल्या मोठ्या वेधशाळांपुढे ती लहानच; तरी जोडताऱ्यांच्या कामात दुर्बिणीच्या आकाराइतकेच हवेला आणि चिकाटीला महत्त्व असते. पावसाळा संपला की दख्खनचे आकाश महिनोन्‌महिने निरभ्र राहते. शिवाय लंडन-बर्लिनला कधीच न दिसणारे दक्षिणेचे तारे इथून टप्प्यात येतात. त्याच ताऱ्यांसाठी विल्यमचा मुलगा जॉन हर्शेल याला १८३४ मध्ये सगळा संसार घेऊन दक्षिण आफ्रिकेतल्या केपला जावे लागले होते.

जोडतारा मोजायचा तो दोन आकड्यांत. दोन्ही ताऱ्यांमधले अंतर विकलांत घ्यायचे आणि दोघांना जोडणारी रेषा उत्तरेशी किती कोन करते ते अंशांत. डोळ्याजवळच्या सूक्ष्ममापकात ताणलेला बारीक तंतू फिरवून हे दोन्ही घेतात. एका रात्रीचा आकडा म्हणजे काहीच नव्हे. तोच तारा वर्षानुवर्षे मोजला तर कोन सरकतो आणि त्यातून लंबवर्तुळ उमटू लागते. जेकबने पुण्याहून पाहिलेल्या २४४ जोडताऱ्यांची सूची १८४८ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला सादर केली. नावाजलेल्या काही युग्मताऱ्यांच्या कक्षाही त्याने काढल्या; मित्र त्यांतलाच. वृश्चिक राशीतल्या न्यू नावाच्या जोडीतला मंद सोबती स्वतःच दुहेरी आहे हे त्याने १८४७ मध्ये ओळखले. त्या ठिकाणी आज किमान सात तारे मोजले जातात.

१८४८ च्या अखेरीस जेकब मद्रास वेधशाळेचा प्रमुख झाला. तिथून १८५५ मध्ये त्याने मांडलेली एक गोष्ट आजही चर्चेत आहे. भुजंगधारीतला ७० क्रमांकाचा तारा सुमारे ८८ वर्षांच्या फेऱ्याचा युग्मतारा आहे. मोजमापे कक्षेत नीट बसेनात, तेव्हा तिथे एखादा न दिसणारा, ग्रहासारखा तिसरा पिंड ओढ लावत असावा, असे त्याने सुचवले. दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचा हा मोजमापांवर आधारलेला पहिला दावा मानला जातो. तो चुकीचा ठरला. मोजमापांतल्या बारीक चुकांनीच तो भास निर्माण केला होता. तरी ताऱ्याच्या डगमगण्यावरून न दिसणारा सोबती ओळखायचा हा विचार योग्य होता. बेसेलने १८४४ मध्ये याच मार्गाने व्याधाला अदृश्य जोडीदार असल्याचे सांगितले होते, आणि ३१ जानेवारी १८६२ रोजी आल्व्हन ग्रॅहॅम क्लार्कला तो दुर्बिणीत दिसला.

प्रकृती ढासळल्याने जेकबने १८५९ मध्ये मद्रासचे पद सोडले. पण पुण्याचे आकाश त्याच्या मनातून गेले नव्हते. पुण्याजवळच्या उंच डोंगरावर नऊ इंची दुर्बीण बसवायची योजना त्याने आखली आणि ब्रिटिश संसदेने तिला पैसेही मंजूर केले. १८६२ च्या ऑगस्टमध्ये तो मुंबईत उतरला, पुण्याला पोहोचला आणि १६ ऑगस्टला तिथेच वारला. तेव्हा त्याचे वय ४८ होते. उंचावरच्या निर्मळ हवेत वेधशाळा नेण्याचा विचार जगभर रुजण्याच्या कितीतरी आधीचा हा प्रयत्न होता. त्याची पुण्यातली वेधशाळा आज स्मरणातही राहिलेली नाही, याचे वाईट वाटते.

पुढे १८८८ मध्ये पुण्याच्या सायन्स कॉलेजात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा सुरू झाली. तिचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगामवाला यांचा रोख वर्णपटांवर आणि सूर्यावर होता. १९१२ मध्ये ती बंद झाली आणि तिची वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली.

नायगामवालांच्या काळातच वर्णपटाने जोडताऱ्यांचे शास्त्र बदलले होते, आणि सुरुवात पुन्हा वसिष्ठापासूनच झाली. हार्वर्डमध्ये घेतलेल्या वर्णपटांत वसिष्ठाच्या ठळक ताऱ्याची एक काळी रेघ कधी एकेरी, तर कधी दुहेरी दिसे. दोन तारे फिरताना एक पृथ्वीकडे येतो, दुसरा लांब जातो; त्यामुळे त्यांच्या रेघा विरुद्ध बाजूंना सरकतात. हा तारा दुर्बिणीत एकच दिसत असला तरी दोघांचा आहे, असे एडवर्ड पिकरिंगने १८८९ मध्ये जाहीर केले. दुर्बिणीत न फुटणारी, केवळ वर्णपटाने ओळखलेली ही पहिली जोडी. अँटोनिया मॉरी हिचा या कामात मोठा हात होता. या जोडीचा फेरा केवळ साडेवीस दिवसांचा आहे. १९०८ मध्ये वसिष्ठाचा दुसरा ताराही असाच दुहेरी निघाला आणि २००९ मध्ये अरुंधतीलाही मंद सोबती सापडला. म्हणजे वसिष्ठाचे चार तारे आणि अरुंधतीचे दोन. ८० प्रकाशवर्षांहून थोडे अधिक दूर असलेले हे सहाही तारे आकाशात एकाच दिशेने चालले आहेत. अरुंधतीची जोडी वसिष्ठाच्या चौघांशी गुरुत्वाकर्षणाने बांधलेली असण्याची शक्यता बरीच आहे.

या काळात जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद जिल्ह्याचा भाग होते. संस्थानची स्वतःची वेधशाळा होती. नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये हैदराबादला ती स्थापन केली. त्यांच्या मृत्यूनंतर १९०८ मध्ये सरकारने ती आपल्याकडे घेतली आणि १९१९ मध्ये ती उस्मानिया विद्यापीठाला जोडली गेली. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये निघेपर्यंत उच्च शिक्षणासाठी मराठवाड्यातले विद्यार्थी ज्या विद्यापीठाकडे पाहत, त्याचीच ही निजामिया वेधशाळा. जगभरच्या वेधशाळांनी आकाश वाटून घेऊन छायाचित्रांवरून ताऱ्यांची सूची करायचे काम हाती घेतले होते. त्यातला दक्षिणेचा एक पट्टा हैदराबादने पूर्ण केला आणि उत्तरेचाही एक पट्टा पुढे उचलला. पंधरा इंची दुर्बिणीवर तेज बदलणाऱ्या ताऱ्यांची निरीक्षणे चालत.

तेज बदलणाऱ्या काही ताऱ्यांत एकमेकांना झाकणाऱ्या जोड्या असतात. ययाति समूहातला अल्गोल दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो. लहानपणापासूनच्या बहिरेपणातही आकाशात रमलेल्या जॉन गुडरिकने हा नेम १७८३ मध्ये मांडला, तेव्हा तो अवघा अठरा वर्षांचा होता. मंद सोबती तेजस्वी ताऱ्याच्या आड येतो म्हणून हे घडते. अशा ग्रहणांची लांबी आणि खोली मोजली की ताऱ्यांचे आकार मिळतात. वर्णपटाने वेग आणि ग्रहणाने आकार, अशी दोन्हीकडून माहिती जुळली की ताऱ्याचे पूर्ण चित्र उभे राहते. १९६८ मध्ये हैदराबादजवळ रंगापूरला ४८ इंची दुर्बीण सुरू झाल्यावर उस्मानिया विद्यापीठात या ग्रहणकारी जोड्यांचा अभ्यास भरास आला. के. डी. अभ्यंकर हे त्या परंपरेतले मराठी नाव. तोवर मराठवाडा हैदराबादपासून वेगळा होऊन महाराष्ट्रात आला होता. जालना स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी.

जोड्या मोजून झाल्या, तरी त्या बनतात कशा हा प्रश्न उरत होता. वेगाने गरगरणारा एकच तारा फाटून दोन होतात, असे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काहींना वाटे. एकट्या ताऱ्याने जवळून जाणाऱ्या दुसऱ्याला पकडले असावे, असे दुसरे मत होते. पहिली कल्पना गणितात टिकली नाही. दुसरी फारच दुर्मीळ, कारण दोन ताऱ्यांना एकमेकांत अडकायला जादा ऊर्जा उचलून नेणारे तिसरे कोणी लागते. आजची समजूत अशी की बहुतेक जोड्या जन्मतःच जोड्या असतात. वायू आणि धुळीचा थंड ढग स्वतःच्या वजनाने आक्रसतो. त्यातली खळबळ त्याला एकसारखा मिटू देत नाही, आणि आक्रसता आक्रसता त्याचे दोन-तीन तुकडे पडतात. कधी एका तान्ह्या ताऱ्याभोवतीची तबकडी इतकी जड होते की तिच्यातच दुसरा तारा धरतो. पहिल्या प्रकाराने दूरदूरच्या जोड्या बनतात, दुसऱ्याने जवळच्या. सूर्यासारख्या ताऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना सोबती आहे. फार जड ताऱ्यांत एकटे क्वचितच सापडतात. लहान तांबड्या ताऱ्यांत मात्र एकटे जास्त.

जोडीत राहण्याचे परिणामही असतात. दोघे फार जवळ असतील तर आधी म्हातारा होऊन फुगणारा तारा आपले वायूचे आवरण सोबत्यावर ओततो. अल्गोलमध्ये हलका तारा आयुष्यात पुढे गेलेला आणि जड तारा मागे दिसतो. खरे तर जड ताऱ्याने आधी म्हातारे व्हायला हवे. एकेकाळी जड असलेल्याने आपला ऐवज सोबत्याला दिला, हे त्याचे उत्तर. शेवटी दोघेही संपून न्यूट्रॉन तारे किंवा कृष्णविवरे उरली, तरी जोडी सुटतेच असे नाही. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीने २००४ मध्ये असा एक न्यूट्रॉन तारा शोधला. अतिशय लांबट कक्षेत तो सोबत्याभोवती फिरतो.

फार जवळ आलेली अशी जोडी गुरुत्वीय लहरी सोडत, वेग वाढवत एकमेकांत मिसळते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन कृष्णविवरांचे असे मिलन टिपले. त्यांतले एक ३६ सूर्यांइतके आणि दुसरे २९ सूर्यांइतके जड होते. गोंगाटातून अशा जोडीची खूण कशी वेगळी काढायची याचे गणित पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभीच मांडले होते. लायगोच्या भारतातल्या वेधशाळेसाठी हिंगोली जिल्ह्यातले औंढा नागनाथ निवडले गेले. ते जालना शहरापासून सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये या प्रकल्पाला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. काटकोनात पसरलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन बाहूंमधून लेझर किरण जातील आणि लहर येताच बाहूंच्या लांबीत पडणारा, प्रोटॉनच्याही हजारो पट बारीक फरक मोजला जाईल. पृथ्वीच्या या बाजूला वेधशाळा आली की लहर आकाशात नेमकी कुठून आली ते अधिक काटेकोरपणे ठरवता येईल. अशा वेधशाळांनी आजवर निःसंशय टिपलेली प्रत्येक लहर कुठल्या ना कुठल्या जोडीच्या मिलनातूनच आलेली आहे.